ब्रिटनमधील स्त्रिया मतासाठी जहाल का झाल्या?

१२ जुलै १९१० रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, स्त्रियांना मर्यादित मताधिकार देणाऱ्या एका विधेयकाच्या बाजूने २९९ सभासदांनी मत दिले आणि विरोधकांपेक्षा शंभराहून अधिक मतांनी ते दुसऱ्या वाचनात संमत झाले. तरीही त्याचा कायदा झाला नाही. पुढच्या वर्षी तशाच विधेयकाला २५५ विरुद्ध ८८ असे त्याहून मोठे मताधिक्य मिळाले, पण त्याचाही कायदा झाला नाही. लोकप्रतिनिधींचे बहुमत आपल्या बाजूचे असूनही हाती काहीच पडत नाही, हे ज्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे पाहिले, त्यांच्यापैकी काहींनी पुढे हातोड्यांनी काचा फोडल्या, काहींनी तुरुंगात अन्न सोडले आणि काहींनी रिकाम्या घरांना आगी लावल्या. इतिहासात त्या ‘सफ्रजेट’ म्हणून ओळखल्या जातात. कोणी त्यांना वीरांगना म्हणते, कोणी माथेफिरू. मात्र संसदेचे काम कसे चालते आणि तेथे एखादा प्रश्न बहुमत असूनही कसा अडवून ठेवता येतो, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या वागण्याची संगती लागत नाही, म्हणून या लेखाची सुरुवात तेथूनच करणे योग्य ठरेल.

मत कोणाला होते, आणि कायदा अडत कोठे होता

आज आपण १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मत असते हे गृहीत धरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये पुरुषांनाही तसे सरसकट मत नव्हते. घराची मालकी, भाडे, विशिष्ट काळाचे वास्तव्य अशा अटी होत्या आणि त्यांमुळे साधारण दहांपैकी सहाच प्रौढ पुरुष मतदारयादीत येत. स्त्रियांचा प्रश्न मात्र अटींचा नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्यात मतदार ‘पुरुष’ असला पाहिजे असे शब्दच घातलेले होते, त्यामुळे एखाद्या विधवेच्या नावावर मोठे घर असले आणि ती सर्व कर भरत असली, तरी तिला संसदेसाठी मत नव्हते.

जून १८६६ मध्ये सुमारे १,५०० स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांनी सभागृहात मांडला. पुढच्या वर्षी मतदार वाढवणारे विधेयक चर्चेला आले असता त्यातील ‘पुरुष’ या शब्दाऐवजी ‘व्यक्ती’ असा शब्द घालावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. तिच्या बाजूने ७३ आणि विरुद्ध १९६ मते पडली. त्यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षे अर्ज, सभा, पत्रके आणि खासदारांच्या भेटी यांत गेली. मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखाली १८९७ मध्ये देशभरातील मंडळे एका संघात आली आणि या सनदशीर मार्गाला भक्कम संघटना मिळाली. मवाळ म्हणून या स्त्रियांची किंमत कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी जमीन नांगरून ठेवली नसती, तर पुढे जहालांचे काहीच उगवले नसते.

मग एवढ्या वर्षांत अडले कोठे? पहिली अडचण पक्षांच्या हिशेबाची होती. पुरुषांना ज्या अटींवर मत आहे त्याच अटींवर स्त्रियांनाही द्यावे, अशी चळवळीची मागणी होती. पण त्या अटी मालमत्तेच्या असल्यामुळे असे मत मुख्यतः घरदार असलेल्या विधवा आणि अविवाहित स्त्रियांना मिळाले असते, आणि ही मते हुजूर पक्षाच्या पारड्यात पडतील अशी उदारमतवादी म्हणजे लिबरल पक्षाच्या नेत्यांना धास्ती होती. मजूर पक्षातील अनेकांना श्रीमंत बायकांना मत देण्यापेक्षा सर्वच प्रौढांना ते द्यावे असे वाटे. हुजूर पक्षाच्या काही नेत्यांचा स्त्रियांना पाठिंबा होता, पण त्यांचे बरेचसे अनुयायी विरोधात होते. थोडक्यात, प्रत्येक पक्षात स्त्रियांचे मित्र होते, पण हा प्रश्न पक्षाचा म्हणून अंगावर घेणारा एकही मोठा पक्ष नव्हता.

दुसरी अडचण कामकाजाच्या नियमांची होती. सरकार ज्या विधेयकामागे उभे नसते ते एखाद्या सभासदाचे खासगी विधेयक ठरते, आणि अशा विधेयकांना सभागृहाचा अगदी थोडा वेळ मिळतो. दुसऱ्या वाचनात ते संमत झाले म्हणजे केवळ तत्त्व मान्य झाले. त्यानंतर समितीत कलमवार चर्चा, तिसरे वाचन आणि मग वरिष्ठ सभागृह असा लांबचा रस्ता उरतो, आणि सरकारने वेळ दिला नाही तर विधेयक जागच्या जागी मरते. १९१० च्या विधेयकाचे तेच झाले. ते छोट्या समितीकडे न देता संपूर्ण सभागृहाच्या समितीकडे पाठवण्यात आले, म्हणजे सरकार वेळ देईल तरच ते पुढे सरकणार होते. पंतप्रधान हर्बर्ट अस्क्विथ स्वतः स्त्रियांच्या मताधिकाराचे पक्के विरोधक होते आणि त्यांनी वेळ दिला नाही. खासदार ‘हो’ म्हणत आणि मंत्रिमंडळ दार बंद ठेवी. म्हणूनच जहाल चळवळीचा रोख कधी सर्वसाधारण खासदारांवर नव्हता, तो सत्तेवर असलेल्या मंत्र्यांवर होता.

अर्जांकडून अटकेकडे

एमेलिन पँकहर्स्ट या मँचेस्टरच्या. त्यांचे पती रिचर्ड हे बॅरिस्टर आणि स्त्रियांच्या हक्कांचे जुने पुरस्कर्ते होते, ते १८९८ मध्ये वारले. एमेलिनबाईंनी गरिबांच्या आश्रयगृहांवर देखरेख करणाऱ्या मंडळावर काम केले होते, आणि तेथील थंडगार फरशा घासणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुली त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. पुढे जन्म-मृत्यूच्या नोंदणीचे काम करताना कोवळ्या वयात आई झालेल्या मुली त्यांच्या टेबलासमोर येऊन बसत. मत हा मानाचा तुरा नसून या मुलींसाठी कायदे बदलण्याचे हत्यार आहे, अशी त्यांची खात्री तेथे झाली. १० ऑक्टोबर १९०३ रोजी मँचेस्टरच्या नेल्सन स्ट्रीटवरील आपल्या घरी त्यांनी मूठभर स्त्रियांसह ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ स्थापन केली. शब्द नकोत, कृती हवी, हे तिचे घोषवाक्य ठरले.

पहिली कृती आजच्या मापाने अगदी साधी होती. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये लिबरल पक्षाची सभा होती आणि सर एडवर्ड ग्रे बोलत होते. एमेलिन यांची थोरली मुलगी क्रिस्टाबेल आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून कापडगिरणीत राबलेली ॲनी केनी या दोघींनी उभे राहून विचारले, की तुमचे सरकार आले तर ते स्त्रियांना मत देईल का? उत्तर आले नाही. पुन्हा विचारल्यावर दोघींना ओढत बाहेर काढण्यात आले, क्रिस्टाबेलने पोलिसावर थुंकून स्वतःला अटक होईल अशी व्यवस्था केली, आणि दंड भरायला नकार देऊन दोघी तुरुंगात गेल्या: एक सात दिवसांसाठी, दुसरी तीन. पुरुष असे प्रश्न रोज विचारत, आणि त्यासाठी कोणी त्यांना फरफटत नेत नसे. चाळीस वर्षांच्या अर्जांची दखल न घेणाऱ्या वृत्तपत्रांनी या प्रसंगावर रकानेच्या रकाने भरले, आणि दंडाऐवजी तुरुंग पत्करण्याची ताकद केवढी आहे हे चळवळीच्या ध्यानात आले. १९०६ च्या आरंभी ‘डेली मेल’ने या बायकांना हिणवण्यासाठी ‘सफ्रजेट’ हे नाव काढले, ते त्यांनी मिरवायला सुरुवात केली.

पुढची दोन वर्षे मोर्चे, सभा, मंत्र्यांना गाठून विचारलेले प्रश्न आणि छोट्या मुदतीचे तुरुंगवास यांत गेली. येथे एक क्रम नीट लक्षात घ्यायला हवा, कारण जहाल स्त्रियांनी अविचाराने एकदम दगड उचलले हा समज त्यामुळे दूर होतो. १९०८ च्या फेब्रुवारीत गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी सभागृहात म्हटले, की नुसता युक्तिवाद पुरेसा नसतो, पुरुषांनी मत मिळवताना प्रचंड जनसमुदाय जमवून आपले बळ दाखवले होते. स्त्रियांनी हे आव्हान शब्दशः घेतले. २१ जून १९०८ रोजी देशभरातून ३० खास आगगाड्या लंडनला आल्या, जांभळा, पांढरा आणि हिरवा या चळवळीच्या नव्या रंगांतल्या पट्ट्या लावून स्त्रियांनी सात मिरवणुका काढल्या आणि हाइड पार्कमध्ये कमीत कमी अडीच लाख माणसे जमली. अस्क्विथ यांच्यावर काहीही परिणाम झाला नाही. त्यानंतर नवव्या दिवशी, ३० जूनला, एडिथ न्यू आणि मेरी ली या दोघींनी पंतप्रधानांच्या १०, डाउनिंग स्ट्रीट येथील निवासस्थानाच्या काचांवर दगड फेकले. खिडक्या फोडण्याचा आरंभ येथून झाला.

तुरुंगातील लढाई

माझ्या मते या चळवळीचा गाभा तुरुंगात आहे. ब्रिटनच्या तुरुंगांत तेव्हा कैद्यांचे तीन वर्ग असत. पहिल्या वर्गातील कैद्याला स्वतःचे कपडे, पुस्तके, पत्रव्यवहार अशा सवलती मिळत, आणि राजकीय स्वरूपाच्या अपराधासाठी आलेल्यांना तो मिळावा अशी परंपरा होती. सफ्रजेट स्त्रियांना मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गात, म्हणजे चोऱ्यामाऱ्या करणाऱ्यांबरोबर ठेवले जाई. सरकारच्या दृष्टीने त्यांचे कृत्य राजकीय नव्हतेच, कारण ज्यांना राजकारणात स्थानच नाही त्यांचा अपराध राजकीय कसा असेल? आम्ही राजकीय व्यक्ती आहोत हे मान्य करा, ही मागणी मताच्या मागणीचेच दुसरे रूप होते.

मॅरियन वॉलेस डनलॉप या चित्रकार बाईंनी १९०९ मध्ये संसदेच्या सेंट स्टीफन्स हॉलच्या भिंतीवर १६८९ च्या हक्कनाम्यातील एक वाक्य शाईने उमटवले. राजाकडे अर्ज करणे हा प्रजेचा हक्क आहे आणि त्यासाठी अटक करणे बेकायदा आहे, असा त्या वाक्याचा आशय होता. त्यांना हॉलोवे तुरुंगात पाठवण्यात आले. पहिला वर्ग मिळेपर्यंत अन्न घेणार नाही असे सांगून ५ जुलैला त्यांनी उपोषण सुरू केले. हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता, संघटनेने तो सांगितला नव्हता. ९१ तासांनंतर, त्या कोठडीत मरतील या भीतीने, सरकारने त्यांना सोडून दिले. लवकरच इतर कैदीही तोच मार्ग धरू लागल्या.

सप्टेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगात सरकारने त्यावर तोड काढली: उपोषण करणाऱ्या स्त्रियांना जबरदस्तीने अन्न भरवण्याची. हा प्रकार कागदावर वैद्यकीय उपचार म्हणून नोंदला जाई. प्रत्यक्षात चार-सहा पहारेकरी बायका कैद्याचे हातपाय धरून ठेवत, एक डॉक्टर डोके मागे ओढी, नाकातून किंवा पोलादी चापाने उघडलेल्या तोंडातून लांब रबरी नळी पोटापर्यंत घातली जाई आणि वरच्या फनेलमधून दूध-अंड्याचे मिश्रण ओतले जाई. पुष्कळदा ते सगळे उलटून बाहेर पडे, आणि हाच प्रकार दिवसातून दोनदा, आठवडेच्या आठवडे चाले. शंभरावर डॉक्टरांनी पंतप्रधानांकडे निषेधाचे पत्र पाठवले. सरकार मात्र कैद्यांचा जीव वाचवतो आहोत, असेच सांगत राहिले.

या काळातील एक व्यक्ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे लेडी कॉन्स्टन्स लिटन. व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट आणून देशी भाषांतील वृत्तपत्रांचा गळा आवळणारे आणि १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात धान्याची निर्यात चालू ठेवणारे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांची ही मुलगी. ऑक्टोबर १९०९ मध्ये न्यूकॅसलच्या तुरुंगात तिने उपोषण केले, तेव्हा डॉक्टरांनी काळजीपूर्वक तपासून हृदय अशक्त असल्याचा निर्वाळा दिला आणि तिला सोडून दिले. आपल्याबरोबरच्या साध्या घरच्या बायकांना असे कोणी तपासत नाही, ही सवलत आपल्या घराण्याला आहे, हे तिला टोचत राहिले. जानेवारी १९१० मध्ये तिने केस कापले, चष्मा लावला, स्वस्त कोट घातला आणि जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई म्हणून लिव्हरपूलमध्ये अटक करून घेतली. वॉल्टन तुरुंगात जेन वॉर्टनचे हृदय कोणी तपासले नाही. तिला आठ वेळा नळीने अन्न भरवण्यात आले, आणि पहिल्या वेळी सगळे उलटून पडल्यावर डॉक्टरने जाता जाता तिच्या गालावर चापट मारली. ती कोण आहे याचा सुगावा लागताच तिची सुटका झाली. १९१२ मध्ये तिला पक्षाघात झाला, उजवा हात निकामी झाला, आणि तुरुंगातले सारे अनुभव तिने डाव्या हाताने लिहून काढले. तेच हृदय आणि तेच शरीर, पण अंगावरचे कपडे बदलताच कायदा बदलतो, हे तिने स्वतःच्या देहाची किंमत देऊन सिद्ध केले. त्यानंतर सरकारच्या वैद्यकीय युक्तिवादात काही अर्थ उरला नव्हता.

एप्रिल १९१३ मध्ये सरकारने नवा कायदा केला. उपोषणाने खंगलेल्या कैद्याला काही दिवसांच्या परवान्यावर घरी सोडायचे, अंगात थोडी ताकद आली की पुन्हा पकडायचे, आणि बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरायचे नाहीत. लोकांनी त्याला मांजर-उंदराचा कायदा असे नाव दिले. एमेलिन पँकहर्स्ट यांना त्याच महिन्यात तीन वर्षांची सक्तमजुरी झाली होती. त्या आत जात, अन्न आणि कधी पाणीही सोडत, बाहेर येत, पुन्हा पकडल्या जात. अशा रीतीने त्यांनी त्या शिक्षेतले काही आठवडेच प्रत्यक्ष भोगले, पण शरीर पार खिळखिळे झाले. त्यांची पुन्हा अटक टाळण्यासाठी स्त्रियांचे एक संरक्षक पथक तयार झाले, आणि जेमतेम पाच फूट उंचीच्या एडिथ गॅरुड या बाईंनी त्याला जुजुत्सू या जपानी झटापटीच्या कलेचे डाव शिकवले. मार्च १९१४ मध्ये ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूज हॉलमध्ये पोलीस व्यासपीठावर चढू लागले, तेव्हा कडेच्या फुलांच्या सजावटीखाली दडवलेली काटेरी तार त्यांच्या हाताला लागली.

काचा, आगी आणि बाँब

१८ नोव्हेंबर १९१० हा दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. लेखाच्या आरंभी उल्लेखलेले विधेयक वाऱ्यावर सोडून अस्क्विथ यांनी संसद विसर्जित करण्याचे जाहीर केले, तेव्हा सुमारे ३०० स्त्रिया छोट्या तुकड्यांनी संसदेकडे निघाल्या. पहिल्या तुकडीत ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून नोंद झालेल्या पहिल्या पिढीतील एलिझाबेथ गॅरेट अँडरसन होत्या, त्यांचे वय तेव्हा ७४ वर्षांचे होते. त्याच तुकडीत पंजाबचे पदच्युत महाराज दुलीप सिंग यांची मुलगी सोफियाही होती. यापूर्वी पोलीस अशा स्त्रियांना लवकर अटक करत. त्या दिवशी मात्र अटक न करता सहा तास त्यांना ढकलले, आपटले, बुकलले आणि अनेकींच्या अंगाशी घाणेरडे चाळे केले. नंतर शंभराहून अधिक स्त्रियांच्या जबान्या गोळा झाल्या. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी चौकशीची मागणी फेटाळली.

या दिवसाचा व्यावहारिक परिणाम असा झाला, की शांतपणे मोर्चा नेल्यास तासन्‌तास मार खावा लागतो आणि एक काच फोडल्यास तत्काळ अटक होऊन त्या मारातून सुटका होते, हे स्त्रियांना कळले. नोव्हेंबर १९११ मध्ये अस्क्विथ यांनी सर्व पुरुषांना मत देणारे विधेयक आणण्याची घोषणा केली, जे कोणी मागितलेही नव्हते. फेब्रुवारी १९१२ मध्ये चार्ल्स हॉबहाउस या मंत्र्याने भाषणात म्हटले, की पुरुषांच्या सुधारणेच्या वेळी लोकांनी नॉटिंगहॅमचा किल्ला जाळला होता, तसा जनक्षोभ स्त्रियांच्या प्रश्नावर दिसत नाही. १ मार्चला संध्याकाळी चांगल्या कपड्यांतल्या स्त्रिया लंडनच्या रीजंट स्ट्रीट, ऑक्सफर्ड स्ट्रीट, पिकॅडिली या बाजारपेठांत विखुरल्या, आणि हात उबेत ठेवण्याच्या लोकरी पिशव्यांतून हातोडे काढून त्यांनी एकामागून एक दुकानांच्या काचा फोडल्या. दोनशेहून अधिक स्त्रिया तुरुंगात गेल्या. त्यांत एथेल स्मिथ या नामवंत संगीतकारही होत्या. हॉलोवेच्या अंगणात कैदी त्यांनीच चाल दिलेले चळवळीचे गीत म्हणत असताना त्या कोठडीच्या खिडकीतून दात घासण्याच्या ब्रशने ताल धरत होत्या.

त्याच महिन्याच्या अखेरीस मताधिकाराचे विधेयक २०८ विरुद्ध २२२ असे पडले. आयर्लंडच्या स्वराज्याचा प्रश्न धोक्यात येईल या भीतीने आयरिश राष्ट्रवादी खासदार विरोधात गेले, आणि काचफोडीने बिथरलेल्या काहींना माघार घ्यायला निमित्त मिळाले. जानेवारी १९१३ मध्ये पुरुषांच्या विधेयकात स्त्रियांची दुरुस्ती घालता येणार नाही असा निर्णय सभापतींनी दिला आणि ती वाटही बंद झाली.

यानंतरची दीड वर्षे सर्वांत उग्र होती. पत्रपेट्यांत आम्ल आणि ज्वालाग्राही द्रव्ये टाकली गेली, तारा तोडल्या गेल्या, गोल्फच्या हिरवळीवर आम्लाने ‘स्त्रियांना मत’ असे जाळून लिहिले गेले, क्यूच्या वनस्पती उद्यानातील चहागृह आणि देशभरातील कित्येक रिकामी घरे जळाली. १९ फेब्रुवारी १९१३ रोजी अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्यासाठी बांधल्या जात असलेल्या घरात बाँबचा स्फोट झाला. ४ जूनला एप्समच्या डर्बी शर्यतीत एमिली वाइल्डिंग डेव्हिसन राजाच्या घोड्यासमोर आली आणि चार दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. तिच्याजवळ परतीचे तिकीट सापडले, आणि तिला नेमके काय करायचे होते यावर आजही एकमत नाही. मार्च १९१४ मध्ये मेरी रिचर्डसनने नॅशनल गॅलरीत शिरून व्हेलास्केथच्या व्हीनसच्या चित्रावर खाटकाच्या सुऱ्याने वार केले. एमेलिनबाईंना झालेल्या अटकेचा हा निषेध होता.

माणसाच्या जिवाला धोका होऊ द्यायचा नाही, असा संघटनेचा नियम होता. तो नेहमी पाळला गेला असे मात्र म्हणता येत नाही. पत्रपेट्यांतील द्रव्यांनी टपालवाल्यांचे हात भाजले, आणि ही माणसे मंत्री नव्हती, रोजंदारीवर पोट भरणारी होती. जुलै १९१२ मध्ये डब्लिनमध्ये अस्क्विथ यांच्या बग्गीवर छोटी कुऱ्हाड फेकली गेली आणि प्रेक्षक असलेल्या नाट्यगृहाला आग लावण्याचा प्रयत्न झाला. तेथे कोणी मेले नाही यात नशिबाचा वाटा मोठा होता. तुरुंगातील उपोषणामुळे चळवळीला जे नैतिक बळ मिळाले, ते या बाँबांनी खर्ची घातले असे माझे प्रामाणिक मत आहे. १९०६ मध्ये लंडनला आलेल्या गांधीजींनी तुरुंगात जाणाऱ्या या स्त्रियांचे आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ पत्रात मनापासून कौतुक केले होते. पण १९०९ मध्ये त्यांनी पुन्हा लंडन पाहिले, तेव्हा काचा फोडण्याचा मार्ग त्यांना पटला नाही. तुरुंग पत्करणे त्यांनी सत्याग्रहाजवळचे मानले, मोडतोड मानली नाही.

संघटनेचा अंतर्गत कारभारही एकाधिकाराचा झाला होता. एमेलिन आणि क्रिस्टाबेल यांचा शब्द अखेरचा असे. १९०७ मध्ये शार्लट डेस्पार्ड यांच्यासह काही जणी बाहेर पडल्या, १९१२ मध्ये संघटनेचा पैसा आणि वृत्तपत्र सांभाळणारे पेथिक-लॉरेन्स दांपत्य काढून टाकण्यात आले, आणि १९१४ च्या जानेवारीत एमेलिन यांची मधली मुलगी सिल्व्हिया हिलाही बाहेर केले गेले. लंडनच्या पूर्व भागातील कामकरी स्त्रियांची संघटना मजूर चळवळीला जोडून चालवावी, एवढाच तिचा आग्रह होता. या घटकेला ती आईपेक्षा दूरचे पाहत होती.

मत मिळाले कशामुळे?

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. सरकारने सफ्रजेट कैद्यांना सोडले, आणि एमेलिन पँकहर्स्ट यांनी लढा थांबवून युद्धाला पाठिंबा दिला. तोपर्यंत हजाराहून अधिक स्त्रिया तुरुंगात जाऊन आल्या होत्या.

युद्धात स्त्रियांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम केले आणि त्याचे बक्षीस म्हणून मत मिळाले, असे सोपे उत्तर नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. पुरुष मतदाराला एका पत्त्यावर सलग वर्षभर राहण्याची अट होती, आणि खंदकांत लढणारे लाखो सैनिक त्या अटीमुळे यादीतून गळणार होते, म्हणून मताधिकाराचा कायदा नव्याने लिहिणे सरकारला भागच होते. सर्व पक्षांचे संयुक्त सरकार असल्यामुळे कोणाचा फायदा होईल हा जुना हिशेब सैल झाला होता, आणि डिसेंबर १९१६ मध्ये अस्क्विथ जाऊन लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले होते. फॉसेट यांच्या संघाने हा क्षण अचूक हेरून वाटाघाटी केल्या. जून १९१७ मध्ये स्त्रियांचे कलम ३८५ विरुद्ध ५५ मतांनी संमत झाले आणि ६ फेब्रुवारी १९१८ रोजी कायदा झाला. पुरुषांना २१ व्या वर्षी मत मिळाले. स्त्रियांना मात्र ३० वर्षांचे वय आणि स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या घराची अट, किंवा विद्यापीठाची पदवी, असा नियम लागला. सुमारे ८४ लाख स्त्रिया त्यात बसल्या. कारखान्यांत राबलेल्या तरुण मुली बहुतेक बाहेरच राहिल्या, कारण युद्धात पुरुष मेल्यामुळे स्त्री-मतदारांचे बहुमत होईल ही भीती ३० च्या अटीमागे होती. ही तफावत २ जुलै १९२८ च्या कायद्याने संपली.

मग जहालांचे श्रेय किती? १९१२ च्या काचफोडीने काही खासदार दुरावले, हे २०८ विरुद्ध २२२ या आकड्यांत दिसते. पण १९०५ पूर्वी या प्रश्नाकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, हेही तितकेच खरे आहे. युद्ध संपल्यावर तेच उपोषण, तीच नळी आणि तोच मांजर-उंदराचा खेळ पुन्हा सुरू होईल, ही धास्ती १९१७ च्या सभागृहात होतीच. मवाळांकडे वाटाघाटीचे कसब होते आणि जहालांनी प्रश्न टाळणे अशक्य करून ठेवले होते. दोघींपैकी एकीला वगळून हा हिशेब जुळत नाही.

या लढ्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९११ मध्ये काश्मीरच्या सहलीत मुंबईच्या हेराबाई टाटा यांची सोफिया दुलीप सिंग यांच्याशी गाठ पडली. सोफियांच्या कपड्यांवरचा मताधिकाराचा बिल्ला पाहून हेराबाईंनी चौकशी केली, आणि तेथून त्या या कामात पडल्या. भारताच्या राज्यकारभाराच्या मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या वेळी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने भारतीय स्त्रियांना मत देण्यास नकार दिला, तेव्हा १९१९ मध्ये हेराबाई आणि त्यांची कन्या मिठन या दोघी लंडनला गेल्या, संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली आणि गावोगावच्या ब्रिटिश स्त्रियांच्या सभांत भारतीय स्त्रियांची बाजू मांडली. संसदेने निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे यांच्यासारख्या कार्यकर्त्या या मागणीमागे उभ्या होत्या, आणि १९२१ मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांवरील बंदी उठवली. मालमत्तेच्या अटीमुळे मतदार झालेल्या स्त्रियांची संख्या फार थोडी होती. पण ज्या अटी पुरुषांना होत्या त्याच स्त्रियांना लागू झाल्या, आणि ही बरोबरी लंडनमधल्या स्त्रियांना त्यानंतर आणखी सात वर्षांनी मिळाली.